सॉफ्टवेअर माझं मोर्स वाचत नाही, मग बँडवर जायचंच नाही का?

एका वाचिकेचं पत्र, थोडक्यात असं: हौशी रेडिओचा परवाना हाती येऊन बरेच महिने झाले. मोर्स ऐकून उतरवणं मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने बऱ्यापैकी जमतं. पाठवायला साधी स्ट्रेट की आहे, म्हणजे हाताने वरखाली दाबायची कळ. आपला हात कसा आहे हे सांगणारं जवळ कोणी नाही, म्हणून त्यांनी कीचा आवाज संगणकात घेऊन डीकोडर सॉफ्टवेअर लावलं. यंत्राने तयार केलेलं मोर्स ते बिनचूक लिहितं, यांच्या मोर्सचा मात्र विचका करतं. इंग्रजी ‘द’ (the) हा शब्द पाठवला की पडद्यावर सहाचा आकडा आणि ‘ई’ उमटतो. ‘नेम’चं ‘एक्स-एम-ई’ होतं. ‘सी’च्या जागी कधी ‘टी-आर’ येतं, कधी ‘के-ई’. एका ज्येष्ठ हॅमने (हौशी रेडिओवाल्याने) सांगितलं, सॉफ्टवेअर काढून टाका, कानावर भरवसा ठेवा. दुसऱ्यांचं म्हणणं, यंत्राला जे वाचता येत नाही ते माणसाला काय वाचता येणार! आता त्या विचारतात, पडदा स्वच्छ होईपर्यंत बँडवर, म्हणजे प्रत्यक्ष रेडिओवर इतरांशी बोलायला, जायचं थांबावं का? की दोन पंखांचं पॅडल आणि टिंब-रेघा आपोआप काढणारा इलेक्ट्रॉनिक कीयर घेऊन हा प्रश्नच मिटवावा?

तुमच्या पत्रातला सर्वांत कामाचा भाग तुम्ही तक्रार म्हणून लिहिला आहे. ‘द’चा सहा-ई होणं, ‘सी’ फुटून टी-आर होणं, यात सॉफ्टवेअरने तुमच्या हाताचं निदान जवळजवळ लिहूनच दिलंय. तुम्ही ते परीक्षेच्या निकालासारखं पाहिलंत, नापास झालो एवढंच घेतलंत, आणि निदान वाचायचं राहून गेलं. ते आधी वाचू.

डिट म्हणजे मोर्समधलं टिंब, तो एक मात्रेचा; डा म्हणजे रेघ, तो तीन मात्रांचा. एका अक्षराच्या आत, डिट-डांच्या मध्ये एक मात्रा शांतता. दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजताना ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात, कारण शेवटच्या विरामासह तो बरोबर ५० मात्रांचा भरतो. त्यावरून मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाला एक मात्रा १०० मिलिसेकंदांची होते, २० शब्दांना ६० ची. तुमच्या वेगाचा हिशेब म्हणजे अगदी तोंडी: डिट १००, डा ३००, अक्षरांमधला विराम ३००, शब्दांमधला ७००.

‘टी’ म्हणजे एक डा. ‘एच’ म्हणजे चार डिट. मधला तीन मात्रांचा विराम आक्रसून दीडवर आला की तो डा आणि ते चार डिट एकाच अक्षरात जमा होतात, आणि तसं अक्षर म्हणजे सहाचा आकडा. ‘नेम’मधले ‘एन’ आणि ‘ए’ चिकटले की डा-डिट-डिट-डा होतं, तो ‘एक्स’. ‘अँड’ पाठवून पाहा, ‘पी-डी’ उमटण्याची दाट शक्यता आहे. ‘सी’चं दुखणं नेमकं उलटं. डा-डिट-डा-डिट एका दमात यायला हवं. पहिल्या डानंतर तुम्ही क्षणभर अडखळलात की ‘टी’ आणि ‘आर’ सुटे होतात, शेवटच्या डिटआधी अडखळलात की ‘के’ आणि ‘ई’. ‘क्यू’सुद्धा तपासा, तो फुटला तर ‘एम-ए’ किंवा ‘जी-टी’ दिसेल.

म्हणजे दुखणी दोन आहेत आणि ती परस्परविरुद्ध आहेत. ओळखीचे छोटे शब्द हाताला पाठ झालेत, म्हणून तिथे अक्षरं एकमेकांवर चढतात. अवघड अक्षरं अजून डोळ्यांसमोर टिंब-रेघ बनून येतात, म्हणून तिथे हात थबकतो. सरसकट ‘हळू पाठवा’ या सल्ल्याने पहिलं सुधारेल, दुसरं बिघडेल. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पॅडलचं ठरवताना ती लागणार आहे: तुम्ही दिलेल्या एकाही उदाहरणात डिट किंवा डाची लांबी चुकलेली नाही. चुकलेत ते विराम.

आता त्या यंत्राबद्दल. डीकोडर ‘चांगलं पाठवलं’ की ‘वाईट पाठवलं’ हे मोजतो, असं तुम्ही गृहीत धरलंय. तो तसं काही मोजत नाही. तो ठरावीक सूर पकडतो, सूर कधी चालू झाला आणि कधी बंद पडला ते टिपतो, त्यावरून वेगाचा अंदाज बांधतो आणि मग सीमा आखतो. ढोबळमानाने दोन मात्रांहून आखूड नाद म्हणजे डिट, लांब म्हणजे डा. शांततेचंही तसंच: दोनच्या आत असेल तर अक्षर अजून चालू आहे, दोन ते पाचच्या दरम्यान अक्षर संपलं, त्यापुढे शब्द संपला. सॉफ्टवेअरगणिक हिशेब बदलतो. सीडब्ल्यू स्किमरसारखे कार्यक्रम संभाव्यतेचं बरंच गणित करतात. पण सीमा कुठेतरी असतेच.

या सीमांमुळे दोन्ही बाजूंनी फसगत होते. तुमचा डा अडीच मात्रांचा असो, चारचा असो किंवा दर वेळी वेगळा असो, पडद्यावर तोच स्वच्छ ‘टी’ येतो. लंगडत पाठवलेलं मोर्सही बिनचूक छापलं जाऊ शकतं, आणि ऐकणाऱ्याचं डोकं मात्र दोन मिनिटांत दुखायला लागतं. उलट, बाकी सगळं सुरेख असताना एक विराम सीमेच्या जरासा अलीकडे पडला की अख्खं अक्षर बदलतं. पडदा स्वच्छ होईपर्यंत थांबायचं ठरवलंत, तर तुम्ही ज्याची वाट पाहताय ते आलं तरी हात सुधारला असेलच असं नाही.

त्या दोन ज्येष्ठांपैकी कोणाचं ऐकायचं? दोघांचंही अर्धं-अर्धं. ‘यंत्राला येत नाही ते माणसाला येणार नाही’ हे तर सरळच चूक आहे. वाक्याच्या मध्ये सहा-ई आलं तर सरावलेला कान ते ‘द’च ऐकतो, त्याला चुकल्याचं जाणवतही नाही. पण कानावर सगळं सोपवा म्हणणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. आज बँडवर समोरचा माणूस स्वतःच पडद्याकडे पाहून वाचत असण्याची शक्यता बरीच आहे. यंत्रालाही वाचता येईल असं पाठवणं हे आता सौजन्यात मोडतं. शिवाय नवशिक्याचा कान स्वतःच्या हाताला फार सांभाळून घेतो: आपण काय पाठवणार हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्याला ‘सी’ नेहमी ‘सी’च ऐकू येतो. ज्याला ते आधी माहीत नाही असा साक्षीदार म्हणून सॉफ्टवेअर ठेवायला माझी काही हरकत नाही.

(हा वाद मोर्सइतकाच जुना असावा. १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार चालू झाली तेव्हा संदेश कागदी फितीवर खुणांच्या रूपात उमटायचा आणि तो डोळ्यांनी वाचायचा असायचा. पुढे तारमास्तर यंत्राच्या खटखटीवरूनच मजकूर उतरवू लागले, फीत मागे पडली आणि नुसता आवाज करणारा साउंडर आला. त्या जुन्या अमेरिकन मोर्समध्ये ‘सी’ म्हणजे दोन डिट, थोडी जास्त शांतता आणि एक डिट. अक्षराच्या पोटातच विराम! आपण वापरतो त्या आंतरराष्ट्रीय लिपीत ही भानगड नाही.)

साक्षीदार विश्वासू आहे की नाही हे मात्र आधी बघून घ्या. यंत्राचं मोर्स तो बिनचूक लिहितो असं तुम्ही म्हणता, पण ते कुठून आणि कसं आत गेलं? बऱ्याचदा यंत्राचं मोर्स थेट फाइलमधून जातं आणि आपलं मात्र मायक्रोफोनमधून, खोलीच्या घुमण्यासकट, कीच्या खटखटीसकट. दोन्ही एकाच वाटेने जाऊ द्या. रिगचा (रेडिओ संचाचा) किंवा सराव-ऑसिलेटरचा साइडटोन, म्हणजे आपल्याच कीचा ऐकू येणारा सूर, केबलने साउंड कार्डात घ्या. रिग वापरत असाल तर ब्रेक-इन (की दाबताच प्रक्षेपण सुरू करणारी सोय) बंद ठेवा, म्हणजे साइडटोन ऐकू येईल आणि सिग्नल बाहेर पडणार नाही. कीचे कॉन्टॅक्ट स्वच्छ करा. ते चरचरत असतील तर एका डाचे दोन तुकडे होतात, आणि दोष हाताच्या माथी येतो. सुरुवातीचा शब्द हिशेबात धरू नका, कारण सॉफ्टवेअर तेव्हा वेग शोधत असतं. त्यासाठीच सुरुवातीला दोन-तीनदा ‘व्ही’ पाठवायची जुनी रीत पाळा.

मग सराव. माझी पहिली अट तुम्हाला आवडणार नाही: पाठवताना पडदा झाका. पडद्यावर अक्षर उमटतं ते पाठवून झाल्यावर, आणि ते पाहायला थांबलेला हात पुढच्या अक्षराला उशीर करतो. तुमच्या ‘सी’मधल्या अडखळण्यात याचा किती वाटा आहे ते पडदा झाकल्यावरच कळेल. मला तो थोडाथोडका वाटत नाही. दोन-तीन मिनिटं सलग पाठवा, आवाज रेकॉर्ड करा, आणि नंतर ते रेकॉर्डिंग डीकोडरला ऐकवा. मजकूर दर वेळी नवा घ्या. सीक्यू (कोणीही उत्तर द्यावं अशी हाक) आणि स्वतःचा कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखचिन्ह) घोटून घोटून गुळगुळीत होतात आणि बाकीचा हात तिथेच राहतो. एखाद्या पुस्तकातला उतारा, अधूनमधून आकडे, विरामचिन्हं असं काही निवडा.

उमटलेला मजकूर मूळ मजकुराशी ताडून पाहा. चुका मोजू नका, त्यांची जात लावा. दोन अक्षरांचं एक झालं का? तर अक्षरांमधला विराम आखूड आहे. एकाची दोन झाली का, किंवा अधूनमधून सुटे ‘ई’ आणि ‘टी’ सांडलेत का? तर अक्षराच्या आत थबकताय. ‘एन’चा ‘आय’ झाला किंवा ‘के’चा ‘डी’, तर डा आखूड पडतोय. ‘एच’च्या जागी ‘एस’ किंवा पाच, ‘व्ही’च्या जागी चार, ‘बी’च्या जागी सहा आला, तर डिट मोजण्यात चूक आहे, आणि ती बहुधा मनगट आखडल्यामुळे होते. प्रत्येक अक्षर नीट आणि शब्द मात्र सगळे जोडलेले असतील, तर सात मात्रांची शांतता तुम्हाला फार लांब वाटतेय. जवळजवळ सगळ्यांनाच ती तशी वाटते.

एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. एफएलडिजी या डीकोडर सॉफ्टवेअरमध्ये वेगाचा माग घेत राहण्याची सोय चालू-बंद करता येते. एकच रेकॉर्डिंग दोनदा ऐकवा: एकदा माग चालू ठेवून, एकदा बंद करून आणि वेग १२ वर पक्का बांधून. चालू असताना मजकूर नीट आणि बंद असताना जिथे बिघडतो, तिथे तुमचा वेग पळालाय किंवा पडलाय. सॉफ्टवेअर तुमच्या मागे धावत होतं म्हणून ते दिसत नव्हतं, एवढंच. कोणत्या शब्दांवर पळतो ते पाहा. ओळखीचे छोटे शब्दच निघतील, असा माझा अंदाज.

आणि डीकोडर जे लपवतो ते पाहायला ऑडॅसिटीसारखा साधा ध्वनिसंपादक पुरे. रेकॉर्डिंग उघडा, लाट मोठी करा, एखादा डा निवडा आणि त्याची लांबी वाचा. ३०० च्या आसपास आहे? पुढचा? त्यानंतरचा? १०-१५ डा मोजले तरी चित्र स्पष्ट होतं. हाताने पाठवलेल्या मोर्समध्ये थोडं इकडेतिकडे होणारच, ते अगदी मोजून-मापून येऊ नये असंही मी म्हणेन. पण एक डा २२० आणि पुढचा ४५० असेल, तर पडदा कितीही स्वच्छ असला तरी काम बाकी आहे. हे रोज करू नका. आठवड्यातून एकदा बस्स, नाहीतर सराव कमी आणि मोजणी जास्त होते.

दोन दुखण्यांवर औषधंही दोन. अक्षर फुटण्यावर: यंत्राकडून फक्त ‘सी’, ‘क्यू’, ‘वाय’ अशी अक्षरं पुन्हा पुन्हा वाजवून घ्या, आधी नुसती ऐका, मग त्यांच्याबरोबरच, त्यांच्यावरच आपली की चालवा. हात यंत्राच्या पुढे-मागे गेला की लगेच ऐकू येतं, तिथे डीकोडरची गरजच नाही. अक्षराचा वेग इथे कमी करू नका. डा-डिट-डा-डिट हा एकच आवाज म्हणून हातात बसायला हवा. शब्द चिकटण्यावर याच्या उलट: अक्षरं आहेत त्या वेगानेच पाठवा आणि मधले विराम मुद्दाम जास्त ठेवा. फार्न्सवर्थ पद्धतीने (अक्षरं वेगाने, मधले विराम लांब) ऐकायला शिकला असाल तर हे ओळखीचं वाटेल. विराम फार ताणलेत तर सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर सुटं सुटं छापेल, ‘द’ची तीन अक्षरं तीन शब्दांसारखी. छापू द्या. दोन्ही टोकं पाहिलेल्या हाताला मधली जागा लवकर सापडते.

ऐकून जेवढं घेता येतं त्याहून वेगाने मात्र पाठवू नका. स्वतःच्या चुका पकडायला कान लागतो आणि तुमचा कान आज १२ वर आहे. शिवाय तुम्ही ज्या वेगाने हाक द्याल त्याच वेगाने समोरचा उत्तर देणार.

पॅडलचा प्रश्न आता सोपा झाला. इलेक्ट्रॉनिक कीयर डिट आणि डा अचूक लांबीचे काढून देतो आणि अक्षराच्या आतला विरामही सांभाळतो. अक्षरांमधला आणि शब्दांमधला विराम तुमच्याच हातात राहतो. म्हणजे ‘द’चा सहा-ई पॅडलवरही होईल, कदाचित जास्तच सफाईने. काही कीयरमध्ये ऑटोस्पेस नावाची सोय असते, ती अक्षरांमधला विराम पाळायला लावते. ‘सी’चं अडखळणं मात्र कमी होईल, कारण आयाम्बिक पॅडलचे दोन्ही पंख दाबून धरले की डा-डिट-डा-डिट आपोआप येतं. बदल्यात नवं दुखणं येतं. पंख उशिरा सुटले की एखादा डिट जास्तीचा पडतो, आणि आयाम्बिक ‘बी’ पद्धतीत दोन्ही सोडल्यानंतरही एक उलट चिन्ह मुद्दाम येतं, त्याची सवय करावी लागते. तुम्हाला पॅडल आवडत असेल तर खुशाल घ्या. वेग वाढवायचा असेल किंवा मनगट दुखत असेल तर नक्कीच घ्या. हाताने दिवसभर की चालवणाऱ्या तारमास्तरांना जडणाऱ्या दुखण्याला ‘ग्लास आर्म’ असं नावच पडलं होतं, आणि त्यावर उतारा म्हणून डिट आपोआप काढणाऱ्या यांत्रिक की निघाल्या. पण सॉफ्टवेअरवरचा राग म्हणून घेऊ नका. स्ट्रेट कीवरच राहायचं ठरलं तर कोपरापर्यंतचा हात टेबलावर टेकवा, हालचाल मनगटातून होऊ द्या, बोंडी घट्ट धरू नका. कीमधलं अंतर आणि स्प्रिंग थोडी थोडी बदलून पाहा. फार ताठ स्प्रिंगमुळेही डा आखूड पडतात.

राहिला बँडवर जाण्याचा प्रश्न. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांसाठी मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही हे ज्या त्या देशावर सोडलं गेलं, आणि बहुतेकांनी ती काढून टाकली. परीक्षक उठून गेला आणि तुम्ही त्या खुर्चीत सॉफ्टवेअरला बसवलंत. माझं मत विचाराल तर तुम्ही आजच तयार आहात. डिट-डा वेगळे ऐकू येतात, १२ च्या वेगाने उत्तर समजतं, चुका ठरावीक जागीच होतात. इतकं असताना थांबण्याचा तोटाच जास्त, कारण विराम देण्याची सवय समोर खराखुरा माणूस लिहून घेत असल्याशिवाय फारशी लागत नाही.

यंत्राची साक्ष हवीच असेल तर बँडवरही मिळते. रिव्हर्स बीकन नेटवर्कचे जगभर पसरलेले रिसीव्हर सीक्यूच्या हाका आपोआप वाचून कॉलसाइन, फ्रिक्वेन्सी, वेग आणि सिग्नलची ताकद जाहीर करतात. हाताने सीक्यू देऊन तुमचा कॉलसाइन तिथे बरोबर उमटला, तर तो भाग वाचनीय आहे एवढं नक्की. नाही उमटला तर लगेच हाताला बोल लावू नका. त्या घडीला बँड बंद असेल (लहरी दूरवर पोचत नसतील), किंवा पॉवर कमी पडली असेल. मात्र हे नेटवर्क कॉलसाइनपलीकडचं तुमचं काही वाचून दाखवणार नाही.

त्यामुळे माणसं शोधा. स्ट्रेट की सेंच्युरी क्लब हाताने चालवायच्या कीच वापरणाऱ्यांचा आहे, तिथे संथ हाताला कोणी नाक मुरडत नाही. १ जानेवारीची स्ट्रेट की नाइटही नवख्यांना सोयीची. एखादी संथ चाललेली हाक ऐकून तिला उत्तर द्या, जड गेलं तर ‘क्यूआरएस’ (हळू पाठवा) मागा. सिग्नल रिपोर्ट, नाव आणि ठिकाण एवढ्यावर पहिला क्यूएसओ (रेडिओवरचं संभाषण) सहज निभतो. ते आधी कागदावर लिहून समोर ठेवा. चुकलात तर आठ डिट देऊन तो शब्द पुन्हा पाठवा, माफी मागण्यात वेळ घालवू नका. समोरच्याने ‘पुन्हा’ म्हटलं तर त्याच्याकडे क्यूआरएम (दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा) असेल किंवा तुमचा सिग्नल विरत असेल, असं आधी धरा आणि त्याच वेगाने, शब्दांमध्ये थोडा जास्त विराम देऊन पुन्हा पाठवा. रेकॉर्डर चालू ठेवायला विसरू नका. डीकोडरला ते रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकवा, त्याच दिवशी नको.